सवण्यातलं ऊन

उन्हाळ्यात दहा-साडेदहाच्या सुमाराला आजोळच्या माजघरात एक कवडसा उतरायचा. माळवदाचं घर. भिंती दगडामातीच्या, दोन-अडीच हात रुंद. खिडकी नावाला एक, तीही चोराच्या भीतीनं वीतभर ठेवलेली. बाहेर औसा तालुक्याचं रान तापून पांढरं पडलेलं असायचं, आणि आत मात्र रांजणाच्या पोटात असावा तसा गार, थोडा ओलसर अंधार. त्या अंधाराला वरून एकच डोळा होता. माळवदाला पाडलेलं सवणं. पाऊसकाळात त्याच्यावर पत्र्याचा तुकडा आणि दगड असायचा. उन्हाळ्यात तो बाजूला व्हायचा, आणि मग त्या गोल भोकातून ऊन असं सरळ, दांड्यासारखं खाली यायचं, की लहान असताना त्याला धरून वर चढता येईल असं वाटायचं.

तो कवडसा आधी पश्चिमेच्या भिंतीवर दिसायचा. मग उतरंडीवरून एकेक मडकं उजळत खाली सरकायचा, सारवलेल्या भुईवर यायचा, मध्यान्हीला बरोबर सवण्याखाली थांबल्यासारखा व्हायचा, आणि दुपार कलली की जात्यावरून पलीकडच्या कणगीवर चढून हळूहळू विरून जायचा. मी त्याच्याबरोबर सरकायचो. पालथा पडून, कोपरं भुईला टेकवून, समोर ‘अमर चित्र कथे’चा अंक उघडून. बत्तीस पानांची गोष्ट. ऊन पानावरून सुटलं की अंक दोन बोटं पुढं ढकलायचा, पुन्हा ऊन सुटलं की पुन्हा ढकलायचा. त्या घरात वाचायला दुसरी जागाच नव्हती. आज मला कुणी विचारलं की तुझं बालपण कसं होतं, तर मला माणसं आठवण्याआधी उन्हाचा तो भाकरीएवढा गोल आठवतो, आणि त्यात निळा पडलेला कृष्ण.

निळा. तो निळा मी पुन्हा कुठं पाहिला नाही. सुरुवातीच्या अंकांत सगळे रंग नसायचे. पैशाची ओढ होती, म्हणून पिवळा, निळा आणि हिरवा एवढ्यांवरच कितीतरी चौकटी भागवलेल्या. हे कारण मला फार पुढं कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं, की कवडशात धरला की तो पिवळा सोन्याचा होतो, हिरवा ओला होतो, आणि निळ्याकडं बघताना डोळ्यांना गार वाटतं. बाहेर विहिरीनं तळ गाठलेला असायचा. त्या दिवसांत निळ्या रंगाकडं एवढा वेळ बघत राहणं म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

अंक वडील आणायचे. आम्ही नांदेडला राहायचो. वडील गिरणीत होते. पगाराच्या दिवशी ते स्टेशनवरून घरी यायचे, वाट वाकडी करून, आणि सदऱ्याच्या आत पोटाशी धरलेला अंक काढून काही न बोलता माझ्यापुढं ठेवायचे. सुट्टी लागली की ते अंक पिशवीत भरून मी एस.टी.नं निघायचो. लोहा, अहमदपूर, चाकूर, मग लातूर. गंजगोलाईत मामा उभा असायचा. पुढच्या गाडीत तो मला खिडकीशी बसवायचा आणि पिशवी स्वतःच्या मांडीवर घ्यायचा, आत अंडी असावीत तशी.

आजीला वाचता येत नव्हतं. ती जात्याशी किंवा निवडण्याशी बसलेली असायची, आणि थोड्या वेळानं अंधारातून तिचा आवाज यायचा, “उगं मनातल्या मनात काय वाचलालास रे बाबा? मला बी ऐकू दे की.” मग मी मोठ्यानं वाचायचो. कृष्णाची गोष्ट तिला माझ्यापेक्षा दसपट जास्त ठाऊक होती. पण ती कधी मध्ये बोलली नाही. फक्त यशोदेचं चित्र आलं की तिला ते बघायचं असायचं. ती सरकत कवडशात यायची, डोळे बारीक करायची, आणि यशोदेच्या गालाला बोटाचं टोक लावून ते बोट स्वतःच्या ओठाला लावायची.

हे चित्र ज्यांच्या हातचं, ते राम वाईरकर. आणि ‘कृष्ण’ लिहिणारे, सगळा अंक उभा करणारे अनंत पै. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला बारीक टायपात संपादक म्हणून ते नाव असायचं, आणि ते मी गोष्टीइतक्याच मोठ्यानं वाचायचो. आजीला वाटायचं, हाही गोष्टीतलाच कुणी असणार. एकदा तिनं विचारलं, “हा अनंत कुणाचा?”

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आता देता येतं. 17 सप्टेंबर 1929 चा जन्म, कर्नाटकातल्या कार्कळचा. दोन वर्षांचा असताना आईही गेली आणि वडीलही. बाराव्या वर्षी मुंबईला आला, माहीमच्या ओरिएंट शाळेत शिकला, पुढं रसायन तंत्रज्ञानाची पदवी घेतली. म्हणजे घरच्यांच्या दृष्टीनं आयुष्य मार्गी लागलं. पण त्याचं मन बाटल्यांत आणि नळ्यांत रमलं नाही. 1954 साली त्यानं ‘मानव’ नावाचं मुलांचं मासिक काढलं. ते चाललं नाही. मग ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या पुस्तक विभागात नोकरी. 1964 साली तिथून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू झालं त्यात त्याचा हात होता, आणि त्या अंकांतला तो जांभळ्या कपड्यांतला वेताळ पुढं मराठीतही आला. आमच्या नांदेडच्या गल्लीत प्रत्येक पोराला एकदा तरी वेताळ व्हायचं असायचं.

आणि मग ती 1967 सालची दिल्लीतली संध्याकाळ. पैंची गोष्ट सांगणारा प्रत्येक जण इथं थांबतो, मीही थांबतो. दूरदर्शन तेव्हा दिल्लीपुरतंच होतं. पडद्यावर मुलांची प्रश्नमंजूषा चालू होती. ग्रीक पुराणातल्या देवांबद्दल विचारलं, मुलांनी उत्तर दिलं. रामाच्या आईचं नाव विचारलं, कुणाला सांगता आलं नाही. पै अस्वस्थ होऊन बाहेर पडले, आणि त्या अस्वस्थतेतून ‘अमर चित्र कथा’ आली.

लोक म्हणतात, त्यांना आपली संस्कृती मुलांपर्यंत न्यायची होती. ते खरंच आहे. पण मी त्या प्रश्नाशी जरा जास्त वेळ घुटमळतो. प्रश्न रामाच्या बापाचा नव्हता, राज्याचा नव्हता, धनुष्याचा नव्हता. आईचा होता. ज्याला स्वतःच्या आईचा चेहराही आठवत नसेल अशा माणसासमोर पाच-सहा शहाणी मुलं गप्प बसली होती, त्यांना एका आईचं नाव येत नव्हतं. त्या क्षणी त्यांच्या पोटात काय हललं असेल? आणि मग पहिली गोष्ट लिहायला घेतली ती कुणाची, तर कृष्णाची. जन्म देणारीपासून रातोरात दूर नेलेल्या, दुसरीच्या मांडीवर वाढलेल्या लेकराची. हा माझा तर्क आहे, आणि तो मला सोडवत नाही. आजीचं बोट यशोदेच्या गालावर टेकायचं तेव्हा ते कुठपर्यंत पोचत होतं, असं मनात येतं आणि गळ्याशी काहीतरी दाटतं.

पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते, ‘कृष्ण’ अकरावा. तो छापायला प्रकाशक मिळेना. शेवटी इंडिया बुक हाउसनं तयारी दाखवली. पण छापून झालं तरी शाळा दार उघडेनात. चित्रांची पुस्तकं वाचून मुलं बिघडतात असं मानायचे ते दिवस. पै स्वतः अंक घेऊन शाळांच्या पायऱ्या चढले, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर बसले, समजावत राहिले. हळूहळू एकेक शाळा उघडली. पुढं शीर्षकं चारशेच्या वर गेली, वीसेक भाषांत गोष्टी गेल्या, प्रती कोटींनी खपल्या. एवढ्या प्रतींतली एक आमच्या सवण्याखाली होती.

एका अंकाची मात्र वेगळीच ओढ होती. ‘गुरू गोविंदसिंग’. तो मी आजोळी कधी नेला नाही, तो नांदेडचाच. 1708 साली गुरू आमच्या गोदावरीकाठी आले, इथंच त्यांना माधोदास बैरागी भेटला आणि त्याचा बंदा बहादूर झाला, इथंच गुरूंचा शेवट झाला. हे सगळं कानावरून गेलेलं होतं, जसं आपल्या गावाबद्दल जाता येता कानावरून जातं. पण चित्रकथेत वाचल्यावर मी अंक मिटून तसाच उठलो आणि सचखंड गुरुद्वाऱ्याच्या पायऱ्यांपर्यंत चालत गेलो. संध्याकाळ होती. संगमरवर अजून गरम होता आणि आतून कीर्तन ऐकू येत होतं. रोज बघितलेल्या घुमटाकडं त्या दिवशी मी पहिल्यांदा बघितलं. गोष्ट अशी फार लांबची नसते, ती आपल्या पायाखालून गेलेली असते, हे मला दहाव्या वर्षी त्या गरम फरशीवर उभं राहून कळलं.

सगळंच काही मनाला पटायचं असं नाही. राक्षस बहुतेक काळे रंगवलेले असायचे, आणि माझा मामा काळा होता. उन्हातान्हात नांगर धरून धरून काळाकुट्ट झालेला, मला अंड्यांसारखी पिशवी जपून आणणारा माझा मामा. मी एकदा आजीला हे दाखवलं. ती चित्राकडं बघत राहिली आणि म्हणाली, “रंग देणाऱ्याला पंढरीचा आठवला नसंल. तो तर काळाच की.” पुढं मोठ्या विद्वानांनी या चित्रांवर हाच आक्षेप घेतला, बायकांच्या चित्रणावरही घेतला, आणि तो योग्यच होता. माझ्या मनात तो आजीच्या शब्दांत आधीच नोंदला गेलेला आहे. पैंवरचं माझं प्रेम त्यानं कमी झालं नाही. पण ते आंधळंही राहिलं नाही.

आणि ‘बाबासाहेब आंबेडकर’. तो अंक 1979 साली निघाला. चित्रं दिलीप कदमांची. विद्यापीठाच्या नामांतराच्या मागणीवरून मराठवाडा जळाला त्याला तेव्हा जेमतेम वर्ष उलटलं होतं. माझ्या वर्गातल्या एका मित्राच्या घरी तो अंक भिंतीवरच्या तसबिरीखाली ठेवलेला असायचा. तिथून काढून त्यानं तो मला सुट्टीपुरता दिला, देताना दोन्ही हातांनी दिला. मी तो आजीला वाचून दाखवला. तहानलेल्या लेकराला कुणी पाणी दिलं नाही, ते वाचताना माझा आवाज बारीक झाला. आजीच्या ओसरीवरच्या कोनाड्यात एक जर्मनचा पेला वेगळा ठेवलेला होता, कुणासाठी ते मला ठाऊक होतं, तिला तर होतंच. ती निवडायची थांबली. काही बोलली नाही. पुढच्या वर्षीही तो पेला तिथंच होता. पण त्या दुपारी ती बराच वेळ कोनाड्याकडं पाठ करून बसली होती, आणि ऊन कणगीवर चढेपर्यंत तिनं मला दुसरी गोष्ट वाचायला सांगितली नाही.

1980 च्या नोव्हेंबरात पैंनी ‘टिंकल’ सुरू केलं. ते माझ्या हाती पडलं ते इंग्रजीतलं, जुनं, कुणाकुणाच्या घरून फिरत आलेलं. शब्द निम्मे कळायचे नाहीत, पण सुप्पंडी कळायचा. धन्यानं सांगितलेलं अक्षरशः ऐकणारा आणि म्हणूनच सगळा घोळ घालणारा तो गडी त्रिचीच्या एका वाचकानं पत्रातून पाठवला होता, आणि त्याला ते डोकं, ती शेंडी, तो निष्पाप चेहरा दिला पुन्हा राम वाईरकरांनी. शिकारी शंभूची टोपी डोळ्यांवर ओढली ती वसंत हळब्यांनी. माझं इंग्रजी असं सुप्पंडीच्या बोटाला धरून आलं. ‘टिंकल’मध्ये मुलं पत्रं लिहायची, आपापल्या गावच्या गोष्टी पाठवायची, आणि पत्राचा मायना असायचा ‘अंकल पै’. हजारो मुलांचा तो काका झाला होता. त्यांना आणि ललिताबाईंना स्वतःचं मूल नव्हतं.

मलाही एक गोष्ट पाठवायची होती. आजीची. ती कुठल्या पुस्तकात नव्हती. मध्यान्हीला कवडसा सवण्याखाली यायचा तेव्हा आजी तिथं पाण्यानं भरलेला तांब्या ठेवायची. मी विचारलं, कामून? तर म्हणाली, सूर्याला तहान लागती. दिवसभर चालून चालून त्याचा घसा वाळतो, पण एवढ्या तापलेल्याला कोण घरात घेणार? ज्याच्या त्याच्या दारावरून तो तसाच पुढं जातो. मग एका म्हातारीनं आपल्या माळवदाला भोक पाडलं आणि म्हणाली, दारातून नको येऊस बाबा, लेकरं भाजतील. वरून ये, बारीक होऊन ये, आणि पिऊन जा. तेव्हापासून तो बारीक होऊन येतो. संध्याकाळी तांब्यातलं पाणी बोटभर उतरलेलं असायचं. मी रोज बघायचो.

1982 च्या मे महिन्यात ही गोष्ट मी आंतरदेशीय पत्रावर लिहून काढली, मराठीतच. वर पत्ता घातला. ‘टिंकल’ तर इंग्रजी, म्हणून आधी कुणाकडून तरी इंग्रजी करून घ्यावी आणि मग टाकावी असं ठरवलं, आणि पत्र ‘कृष्णा’च्या अंकात ठेवलं. सुट्टी संपली. अंक त्या वर्षी आजोळीच राहिले, आजीच्या पत्र्याच्या पेटीत. पुढं दहावी, कॉलेज, नोकरी. पेटी तिथंच. आजी गेली. पेटी तिथंच.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. मामाच्या घरची माणसं विसर्जनाहून उशिरा आली आणि उकडतंय म्हणून अंगणातच आडवी झाली, म्हणून वाचली. भूकंपात घर बसलं. उन्हाळाभर आम्हाला गार ठेवणाऱ्या त्या रुंद भिंती, मातीचं ते जड माळवद, हेच किल्लारीच्या परिसरात हजारोंच्या अंगावर आलं. ज्या छपराच्या भोकातून मला कृष्ण दिसला, तसल्याच छपरांखाली कितीतरी लेकरं झोपेत गेली. हे दोन्ही मला एकत्र धरता येत नाही. इतकी वर्षं झाली, तरी येत नाही. पुढं लातूर-उस्मानाबादची बावन्न गावं नव्या जागी वसली. मामाचंही नवं घर झालं, सिमेंटचं, चांगल्या खिडक्यांचं. त्याला सवणं नाही.

ढिगारा उपसताना मामाला पेटी सापडली. चेपलेली. बरेच अंक चिखल होऊन गेले होते. चार-पाच वाचले, ते त्यानं उन्हात वाळवले आणि धोतराच्या फडक्यात बांधून मला लातूरला आणून दिले. मांडीवर ठेवून, पहिल्यासारखेच.

24 फेब्रुवारी 2011 ला पै गेले. पाचच दिवस आधी दिल्लीत, देशातल्या पहिल्यावहिल्या कॉमिक कॉनमध्ये, त्यांना जीवनगौरव जाहीर झाला होता. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी वाचली आणि मी कपाटाच्या वरच्या कप्प्यातून ते फडकं काढलं. पानं कडक झालेली, एकमेकांना चिकटलेली, मधूनच मातीची रेघ. यशोदेच्या गालावर एक फिकट डाग आहे. तो मातीचा नाही, तो आधीपासूनचा आहे. वाईरकर 2003 सालीच गेले होते. सुप्पंडी पुढं त्यांच्या लेकीच्या, अर्चना आंबेरकरांच्या, हातून उतरत राहिला; हे वाचलं तेव्हा फार बरं वाटलं होतं.

पत्र मधल्या पानांत होतं. निळी शाई थोडी फुटली आहे, पण अक्षर लागतं. वर ‘अंकल पै, मुंबई’ एवढाच पत्ता. खाली माझं नाव, आणि गोष्ट कुणाची याच्यापुढं आजीचं. चिकटवायच्या कडा अजून कोऱ्या आहेत. गोष्ट पूर्ण लिहिलेली आहे.